कॅज्युअल्टीतली गर्दी कुठून येते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातली भाषा शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



कार्यकारिणीने मला वीस मिनिटं दिली आहेत. मागे मसालेभाताचा वास सुटलाय, त्यामुळे वेळ पाळणं माझ्याही हिताचं आहे.

तुम्ही सगळे मला 25 वर्षं ‘सिस्टर’ म्हणून हाक मारता. सरकारी रुग्णालयांत 33 वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, त्यातली जवळजवळ निम्मी वर्षं अपघात विभागात गेली. आपण सगळे त्याला कॅज्युअल्टी म्हणतो, मीही तेच म्हणते. निवृत्त झाल्यापासून जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी एकच प्रश्न मला वारंवार विचारला जातो. “सिस्टर, हल्ली कुठल्याही दवाखान्यात जा, रात्री-अपरात्री जा, इमर्जन्सीत एवढी गर्दी का असते हो?”

विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं. लोकसंख्या वाढली. लोक फार घाबरट झाले. सगळं फुकट मिळतंय म्हणून उठसूट पळतात. या तिन्हीत थोडं थोडं तथ्य आहे, पण तेवढ्यावर मी बघितलेली गर्दी समजत नाही. म्हणून आज आपल्या जुन्नर-आंबेगावपुरतं बोलते. ही गर्दी नेमकी कोणाची असते आणि ती तिथपर्यंत येते कशी, एवढंच.

पहिली गोष्ट चांगली आहे, ती आधी सांगते.

गर्दी वाढली याचा एक अर्थ असा की पूर्वी जे पोचतच नव्हते, ते आता पोचतात. आहुपे, पाटण, तळेघर या पश्चिम भागातला माणूस अडला तर पूर्वी काय व्हायचं? डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं, मिळेल ती जीप किंवा टेम्पो धरायचा, नाहीतर सकाळच्या एसटीची वाट बघायची. कितीतरी जण रस्त्यातच जायचे. कितीतरी घरीच जायचे आणि ‘आयुष्य तेवढंच होतं’ म्हणून विषय संपायचा. त्यांची नोंद कुठल्याही कॅज्युअल्टीच्या रजिस्टरला नाही.

जानेवारी 2014 मध्ये महाराष्ट्रात 108 ची सेवा सुरू झाली. फोन फुकट, गाडी फुकट आणि गाडीत डॉक्टर. बाळंतपणाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये महाराष्ट्रात शंभरातली सुमारे 65 बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 मध्ये ती जवळपास 95 वर गेली. म्हणजे शंभरातल्या तीस बायका, ज्या पूर्वी घरी बाळंत व्हायच्या, त्या आता दवाखान्यात येतात. यातली एखादी रात्री दोन वाजता रक्तस्राव होत असताना येते. कॅज्युअल्टीत ती ‘वाढलेली गर्दी’ असते. तिच्या घरच्यांना विचारलं तर ती वाचलेली सून असते. त्यामुळे गर्दीला नावं ठेवताना एवढं लक्षात ठेवूया.

आता दुसरी गोष्ट. आपल्या भागाची गर्दी आपल्या शेतातून आणि रस्त्यावरून येते.

डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव या धरणांनी आपला भाग हिरवा केला. ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने उभे राहिले, नारायणगावचा टोमॅटो देशभर गेला. आपल्यातल्या निम्म्या लोकांचे फ्लॅट या पाण्याच्या पैशातून झाले आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. पण उसाला पाणी द्यायचं तर मोटर चालू पाहिजे, आणि शेतीची थ्री-फेज लाइट कित्येक वर्षं पाळीने येते. पाळी रात्रीची असली की शेतकरी रात्रीच शेतात जाणार. हातात बॅटरी, पायात चप्पल, कधी तीही नाही. तिथे त्याला साप भेटतो, बिबट्या भेटतो, आणि ओल्या हाताने स्टार्टर चालू करताना शॉकही बसतो. पहाटे तीन वाजता तो कॅज्युअल्टीत येतो तेव्हा आमच्या रजिस्टरला ‘सर्पदंश’ एवढंच लिहिलं जातं. ‘रात्रीची लाइट’ असं कारण लिहायला तिथे रकानाच नसतो. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी मी तरी आरोग्याचीच मागणी समजते. 2023 पासून सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा दिवसा वीज देण्यासाठी राबवला जातोय. जिथे दिवसा वीज येईल, तिथल्या दवाखान्यातल्या रात्री थोड्या हलक्या होतील.

सापाचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं गावाकडे घर आहे, कांद्याची चाळ आहे. आपल्याकडे विषारी म्हणून चार साप मुख्य. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारी लस या चारही विषांवर चालते. भारतात 2000 ते 2019 या काळात दरवर्षी सरासरी 58 हजार माणसं साप चावून मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा आकडा ऐकून आम्हा परिचारिकांना नवल वाटलं नाही. लस असताना माणसं मरतात, कारण ती उशिरा येतात. आधी मंदिरात नेतात, मांत्रिकाकडे नेतात, पाय दोरीने करकचून बांधतात, ब्लेडने चिरा देतात. मण्यारीचं तर असं आहे की ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं कळतही नाही. खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घशातून घोट उतरत नाही. घरचे म्हणतात अपचन झालं. अशा वेळी थांबायचं नाही.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातलं. सापामुळे एकही मृत्यू होऊ नये, हा ध्यास घेऊन ते गावोगाव लोकांना समजावत आले आहेत. तिकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर असंच काम केलं आणि साध्या प्राझोसिनच्या गोळीने माणसं वाचतात हे जगाला दाखवलं. दोघेही मोठ्या शहरात बसले नव्हते. आपल्यासारख्या तालुक्याच्या जागी, आपल्यासारख्याच रुग्णांमध्ये त्यांनी हे केलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

बिबट्याचं तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. उसात त्याची पिल्लं जन्मतात, उसातच मोठी होतात. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आता शाळेच्या सहलीतल्या मुलांनाही माहीत आहे. एक सांगते, चावणारं जनावर बिबट्या असो की गल्लीतलं कुत्रं, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची, पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत.

रस्त्याचंही तेच. पुणे-नाशिक महामार्ग आपल्या दारातून जातो. पूर्वी मंचरच्या आणि नारायणगावच्या बाजारपेठेत तास तास गाड्या अडकायच्या, आपण वैतागायचो. आता बाह्यवळण झालं, प्रवास सुटसुटीत झाला, पण वेगही वाढला. धडक झाली की आता हात मोडून भागत नाही. 17 जानेवारी 2025 ला नारायणगावजवळ टेम्पो, प्रवासी गाडी आणि उभी एसटी यांच्या अपघातात नऊ माणसं गेली. सकाळची वेळ होती, रोजचा प्रवास करणारी साधी माणसं होती. शिवाय गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि अंधारात मोटारसायकलवाला थेट ट्रॉलीखाली जातो. त्याच हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीची हजारो माणसं आपल्याकडे राहायला येतात. पालात राहणारी गरोदर बाई इथल्या कुठल्याही आशाताईच्या यादीत नसते. पाच महिन्यांत तिची एकदाही तपासणी झालेली नसते. ती पहिल्यांदा दिसते ती कॅज्युअल्टीतच.

इथपर्यंत मी जे सांगितलं ते डोळ्यांना दिसतं, पेपरात येतं. पण रजिस्टर उघडून बघितलं तर सगळ्यात जास्त पानं दुसऱ्याच माणसांनी भरलेली असतात. त्यांना साप चावलेला नसतो की गाडीने उडवलेलं नसतं. ती तुमच्या-माझ्यासारखी माणसं असतात. माझा मुख्य मुद्दा इथे आहे.

सोसायटीच्या सभेत दरवर्षी भांडण कशावरून होतं? मेंटेनन्सवरून. गच्चीचं वॉटरप्रूफिंग वेळेवर केलं तर चार पैशांत होतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिलं की एका पावसाळ्यात वरच्या मजल्याचं छत गळायला लागतं, मग रात्री प्लंबर शोधत फिरायचं आणि तो मागेल तेवढे द्यायचे. शरीराचंही असंच आहे. ब्लडप्रेशरची गोळी, शुगरची गोळी, तीन महिन्यांची तपासणी, हा शरीराचा मेंटेनन्स. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या साधारण दर चार-पाच माणसांत एकाचं ब्लडप्रेशर वाढलेलं असतं किंवा त्याला त्याची गोळी चालू असते. आज इथे दीडशे माणसं बसली आहेत. हिशेब तुम्हीच करा.

आणि आपण काय करतो? “बरं वाटतंय, म्हणून गोळी बंद केली.” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. अहो, बरं वाटतंय ते गोळीमुळेच! कोणी श्रावणात उपास म्हणून शुगरच्या गोळ्या सोडतं. कोणी गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेतं आणि डॉक्टरांना सांगत नाही. कोणाची डायलिसिसची पाळी लग्नसराईत चुकते आणि रविवारी रात्री दम लागून तो येतो. त्या रात्री त्याला ऑक्सिजन लागतो, आयसीयूची खाट लागते, पुण्याला नेणारी गाडी लागते. मुळात राहिलेलं काम केवढं होतं? चार तासांच्या डायलिसिसचं. गोळी राहिली असेल तर काही रुपयांच्या पाकिटाचं. म्हणून मी म्हणते, कॅज्युअल्टीतली निम्मी गर्दी ही साध्या कामांची थकबाकी आहे, व्याजासकट वसूल होणारी.

यात सगळा दोष माणसांचाच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आपली व्यवस्थाही थकबाकीलाच जास्त पैसे देते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. फार मोठा आधार आहे तो, कित्येक घरं त्यामुळे सावरली. पण ती योजना दवाखान्यात भरती झाल्यावरची आहे. अँजिओप्लास्टी त्यात बसते. ती करावी लागू नये म्हणून वीस वर्षं रोज घ्यायची गोळी त्यात बसत नाही. ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यात मिळते. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पण तिथली ओपीडी सकाळी. ज्याला रोजंदारी बुडवून रांगेत उभं राहावं लागतं, तो ‘आज नको, उद्या जाऊ’ म्हणतो. कॅज्युअल्टी मात्र रात्रीही उघडी असते, तिथे रोज बुडत नाही. मग माणूस तिथे येतो यात नवल काय?

रात्रीच्या डॉक्टरांचंही सांगायला हवं. आपण इथे राहायला आलो तेव्हा पेठेत असे डॉक्टर होते की ज्यांच्या घराची बेल रात्री वाजवता यायची. त्यांना आपलं घर माहीत, आजोबांचा दमा माहीत, कोणाला कुठलं औषध सोसत नाही ते तोंडपाठ. मुलाला ताप आला तर ते हात लावून सांगायचे, “सकाळपर्यंत थांबा, काही होत नाही.” त्या एका वाक्याने कितीतरी लोक कॅज्युअल्टीपर्यंत यायचे वाचायचे. ते डॉक्टर आता थकले, काही गेले. त्यांची मुलं स्पेशालिस्ट झाली, चांगलंच झालं. पण हृदयाचा एक, किडनीचा दुसरा, सांध्यांचा तिसरा अशा तिघांच्या तीन फायली झाल्या, आणि तिन्ही एकत्र वाचणारा कोणी उरला नाही. रात्री अकरा वाजता ताप आलेल्या लेकराच्या आईला ‘थांब’ म्हणून सांगणारं कोणी नसेल, तर ती मोठ्या दिव्याच्या दारातच जाणार. मी तिला कधी रागावले नाही. ताप साधा आहे हे तपासल्यावर कळतं, तपासण्याआधी तो तिच्या लेकराचा ताप असतो.

हे आपल्याकडेच घडतंय असंही नाही. इंग्लंडमध्ये दवाखाने सरकारी, घरटी फॅमिली डॉक्टर ठरलेला. तिथे कॅज्युअल्टीत आलेल्या शंभरातल्या 95 रुग्णांचा निर्णय चार तासांत लागला पाहिजे असं ठरलेलं आहे. 2015 च्या जुलैनंतर त्यांना ते देशभरात एकदाही जमलेलं नाही. कारणं शोधली तेव्हा एक असं निघालं की दारातून येणाऱ्यांपेक्षा आत अडकलेले जास्त आहेत. म्हातारी माणसं बरी झाली तरी घरी न्यायला, घरी बघायला कोणी नाही, म्हणून वॉर्डातल्या खाटा मोकळ्या होत नाहीत, आणि म्हणून कॅज्युअल्टीतला माणूस स्ट्रेचरवरच राहतो.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपलीच सोसायटी आली.

आपण राहायला आलो तेव्हा या दोन इमारतींत पाळणे होते. जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीतले, बँकेतले, कारखान्यातले, मार्केट यार्डातले, सगळे तिशी-चाळिशीतले. जिन्यात मुलांचा गोंधळ म्हणून नोटीस लावावी लागायची. ती मुलं शिकली, चाकणला गेली, हिंजवडीला गेली, काही परदेशात गेली. आपण त्यांना त्यासाठीच शिकवलं होतं, तक्रार नाही. पण आज 36 घरांपैकी 14 घरांत फक्त नवरा-बायको राहतात, दोघंही साठीच्या पुढचे. 5 घरांत एकटं माणूस राहतं. हे आकडे सर्वेक्षणाचे नाहीत, दिवाळीचा फराळ वाटताना मी मोजलेत. तळमजला धरून चार मजले आणि लिफ्ट नाही. तेव्हा आपण म्हणालो होतो, “जिना चढला की व्यायाम होतो.”

अशा घरात रात्री छातीत दुखायला लागलं तर काय होतं? आधी माणूस स्वतःशी म्हणतो, पित्त असेल. मग ओवा खातो, सोडा पितो. मग बायकोला म्हणतो, मुलाला फोन नको करूस, त्याची सकाळी मीटिंग आहे. मग म्हणतो, शेजाऱ्यांना कशाला उठवायचं, उजाडू दे. आपल्या पिढीला कोणाला त्रास द्यायचा नाही ही शिकवण इतकी मुरली आहे की त्यापायी माणसं जीव देतात. मी हे अलंकारिक बोलत नाहीये. पहाटे साडेपाचला स्वतःच्या पायांनी तीन जिने उतरून रिक्षात बसलेली आणि कॅज्युअल्टीच्या दारात कोसळलेली माणसं मी उचलली आहेत. दुखायला लागलेलं असायचं रात्री अकराला. हृदयाच्या झटक्यात पहिला तास-दोन तास सोन्याचे, आणि ते आपण संकोचात घालवतो. लकव्याचंही तसंच. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. पुणे इथून साठ किलोमीटर आहे. चाकणची वाहतूक तुम्ही जाणता. घरी वाट बघायला त्यातला किती वेळ उरतो?

माळीणचं नाव घेतल्याशिवाय आंबेगावात आणीबाणीवर बोलता येत नाही. 30 जुलै 2014. डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. 108 सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. रुग्णवाहिका आल्या, डॉक्टर आले, आपल्या भागातली सगळी आरोग्ययंत्रणा तिथे लोटली. पण ढिगाऱ्यातून जिवंत निघालेले अगदी मोजके होते. गाड्या होत्या, न्यायला माणसं नव्हती. त्या दिवसापासून मला एक कळलंय. आणीबाणीची सेवा कितीही चांगली केली तरी ती शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या खचल्या तर तिच्या हातात फार थोडं उरतं.

108 राज्यात सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी. 2011 ची लोकसंख्या धरली तरी एका गाडीमागे सुमारे 1 लाख 20 हजार माणसं येतात. एकट्या जुन्नर तालुक्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे 4 लाख होती. गाड्या वाढायला हव्यात, डॉक्टर वाढायला हवेत, ते सरकारकडे मागूच. पण आपल्या फाटकाच्या आतलं काही आपल्या हातात आहे. कार्यकारिणीपुढे मी पाच गोष्टी ठेवते.

एक. फाटकापासून दोन्ही जिन्यांपर्यंतची वाट रात्री मोकळी राहिली पाहिजे. आज तिथे चार मोटारी आणि एक बंद पडलेली स्कूटर असते. स्कूटर कोणाची, ते सगळ्यांना माहीत आहे. मी नाव घेत नाही.

दोन. सोसायटीने एक घडीचं स्ट्रेचर आणि एक चाकाची खुर्ची घ्यावी. लिफ्ट होईल तेव्हा होईल. छातीत दुखणाऱ्या माणसाला जिना उतरायला लावायचा नाही, उचलून आणायचं. त्यासाठी प्रत्येक इमारतीतले चार तरुण ठरवावेत आणि त्यांना एकदा कसं उचलायचं ते शिकवावं. मी शिकवते.

तीन. प्रत्येक घराच्या फ्रिजवर एक कागद. त्यावर घरातल्या ज्येष्ठांची नावं, चालू औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं, आणि कोणाला फोन करायचा ते मोठ्या अक्षरात. कॅज्युअल्टीत आम्ही पहिला प्रश्न विचारतो, “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” आणि उत्तर मिळतं, “एक पांढरी आहे आणि एक छोटी गुलाबी.”

चार. 108 ला फोन केला की समोरचा जे विचारेल त्याची शांतपणे उत्तरं द्यायची, फोन आपण आधी ठेवायचा नाही. सोसायटीचं नाव सांगून भागत नाही, जवळची ठळक खूण सांगायची आणि एका माणसाने रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. रस्त्यात अपघात दिसला तरी थांबायचं. मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये म्हणून 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण आलंय. नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि मे 2025 पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची योजना लागू झाली आहे. पैशांच्या भीतीने कोणाला रस्त्यावर सोडू नका.

पाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी क्लब हाउसमध्ये बसेन. ब्लडप्रेशर मोजेन, शुगर बघेन. औषध मी देणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ज्याने गोळी सोडली आहे, त्याला मी ओळखेन. 33 वर्षांची सवय आहे. आणि जो येणार नाही, त्याच्या दारात मी जाईन.

एक शेवटचं. आपण मेंटेनन्सची थकबाकी ठेवणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर लावतो. तब्येतीची थकबाकी कोणी बोर्डावर लावत नाही, ती ज्याची त्याला माहीत असते. आज घरी गेलात की औषधाचा डबा उघडून बघा. किती गोळ्या उरायला हव्या होत्या आणि किती उरल्यात, ते मोजा. आणि रात्री काही झालं तर बेल वाजवा. दुसरा मजला, डावीकडचं दार. उठवल्याबद्दल माफी मागू नका.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला यातली जास्तीत जास्त माणसं पुढच्या रांगेत दिसावीत, एवढी इच्छा व्यक्त करते आणि थांबते.